टोपी म्हणायचं नाही

माझ्या धाकट्या दिराला मी तोंडावर 'भाऊजी' म्हणते आणि 'तुम्ही' म्हणते. मनात मात्र गेली अठरा वर्षं तो 'मुकुटमणी' आहे, आणि मनात मी कुणालाच 'तुम्ही' म्हणत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी माझ्या बोलण्यात माया शोधत बसणार नाही.

आमचा धंदा पत्र्याचा. घरातल्या शेकोटीची चिमणी छपरावर जिथे बाहेर पडते, तिथे तिच्या डोक्यावर बसवायच्या शोभेच्या टोप्या आम्ही करतो. तांब्याच्या, जस्ताच्या, हौस असेल त्याला वर टोकदार शेंडा आणि खाली पानांची झालर. पावसापासून विटा वाचतात, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो आणि ते खोटं नाही. पण विटांची काळजी करणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. समोरच्याच्या छपरावर आहे आणि आपल्या नाही, हे ज्यांच्या पोटात दुखतं ते आमच्याकडे येतात. शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला ही टोपी जन्मात दिसत नाही. ती रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असते. अशा लोकांचं अन्न मी खाते, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला पूर्ण अधिकार आहे.

धंदा मामंजींनी उभा केला. माझे सासरे म्हणजे कमी बोलणारा, तोंडात सतत खिळे धरलेला माणूस. खिळे नसते तरी ते फारसं बोलले नसते. पण दोन नियम त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवले होते.

पहिला नियम मोकळ्या जागेचा. चिमणीच्या माथ्यावर मातीच्या नळाचं तोंड असतं, त्यातून धूर निघतो. त्या तोंडावर, पाऊस आत जाऊ नये म्हणून, छोट्या पायांवर उभी असलेली एक साधी टोपी असते. ती छोटी टोपी. आम्ही जी शोभेची करतो ती मोठी टोपी, छोटीला पोटात घेऊन बसणारी. मामंजींचं म्हणणं असं, की छोट्या टोपीच्या वर एक वीत हवा खेळली पाहिजे. ही वीत सोडली नाही, तर मोठीची झालर खाली येऊन नळाचं तोंडच झाकते आणि धूर आल्या वाटेनं परत जातो.

दुसरा नियम जोड्यांचा. काम असलेल्या घरात शिरलं, की मामंजी आधी शेकोटी थंड असल्याची खात्री करायचे आणि आपले जोडे काढून त्या राखेत ठेवायचे. मग रबरी तळव्यांचे कापडी बूट घालून, कमरेला दोर बांधून शिडीला हात. आपण वर असताना कुणी विस्तव करू नये हे एक. आणि काम झाल्यावर जोड्यांसाठी का होईना, शेकोटीपाशी यावं लागतं. आलं की वाकावं लागतं. वाकलं की वर बघता येतं, एक कागद पेटवून धूर कुठं जातो ते पाहता येतं. "अनवाणी घरी कोण जाणार?" एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या जोड्यांचा रंग कुणाला कधी कळला नाही.

त्यांना दोन मुलगे. थोरला माझ्या वाट्याला आला: हातात कला आणि तोंडात एकच शब्द, 'बरं'. धाकटा दिसायला देखणा, म्हणून सगळ्यांनी त्याला लहानपणापासून डोक्यावर घेतलेला. पत्र्याला हात लावला की बोटं कापतात, असं त्याला वयाच्या बाराव्या वर्षी समजलं आणि त्यानं ते कायमचं लक्षात ठेवलं. पुढे एका बुटांच्या दुकानात नोकरी धरली. तीन वर्षं तिथे लोकांच्या पायांशी बसला आणि डोक्यावर कसं बसायचं ते शिकून आला.

परत आला तो मामंजी गेल्यावर. तोपर्यंत आमच्या ह्यांचे गुडघे कामातून गेले होते, शिडी चढणं बंद झालं होतं. वर चढायला माणूस हवाच होता. एक गोष्ट मान्य केली पाहिजे: चढतो बरा. दोर बांधतो, वारा असला तर थांबतो, माथ्याच्या सिमेंटला भोक न पाडता बाजूच्या विटांत खिळे मारतो. स्वतःच्या जिवाची काळजी घेण्यात तो कधीच कमी पडला नाही.

पण येताना बुटांच्या दुकानातून तो टोकदार, तपकिरी, आरशासारखे चकचकीत बूट घालून आला होता, आणि ते राखेत ठेवायची कल्पनाच त्याला सहन होईना. "वहिनी, हे चामडं कसलं आहे माहितीय का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. तो बूट गाडीत काढायचा, तिथूनच शिडीवर जायचा आणि उतरला की परस्पर गाडीत. शेकोटीचं तोंड त्यानं कित्येक घरांत पाहिलंसुद्धा नसेल. त्याचं नशीब असं, की माप आमचे हे जुन्या सवयीनं बरोबर काढायचे, त्यामुळे धूर आपला मुकाट्यानं वर जात राहिला.

मग एक दिवस त्याला एक शब्द डसला. कुणा मोठ्या घरात माप घ्यायला गेला होता. "आम्ही टोप्या घालतो," असं तो म्हणाला, तर त्या घरच्या बाई खो खो हसत सुटल्या. "अहो, निदान तोंडावर तरी सांगू नका." घरी आला तेव्हा कान लाल होते. रात्रभर विचार करून, म्हणजे त्याला जमेल तेवढा करून, सकाळी त्यानं जाहीर केलं, "आजपासून आपल्या दुकानात टोपी म्हणायचं नाही. मुकुट म्हणायचं."

पाटी बदलली. कार्ड छापली: नावाखाली 'छतसौंदर्य सल्लागार'. मापांचे छापील कागद आले, त्यावर 'धुराड्याचे मुख ते मुकुट' असल्या ओळी. पूर्वी तिथे मामंजींच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'छोटी टोपी ते मोठी टोपी'. हे म्हणाले, "बरं." सासूबाई शेकोटीपाशी लोकर गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"मग त्या छोटीला काय म्हणायचं?"

"कुठल्या छोटीला?" मुकुटमणी म्हणाला आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत निघून गेला.

त्या छोटीला कुणी काहीच म्हटलं नाही. शब्द गेला आणि त्याच्या मागोमाग वस्तूही त्याच्या डोक्यातून गेली.

त्यानंतर महिन्याभरात तो हॉटेलमालक आला. गावाच्या वरच्या अंगाला त्याचं जुनं हॉटेल, आमच्या घरासारखंच, एकाच गवंड्याच्या हातचं. चिमणीसुद्धा मापाला माप तशीच. त्याला सगळ्यात मोठ्ठा, सगळ्यात पिवळाधमक मुकुट हवा होता. खाली दुहेरी झालर. मुकुटमण्यानं चहा मागवला, कागद भरला आणि माझ्यापुढे ठेवला. पत्रा कापायचं काम माझं. ठोकायचं ह्यांचं.

कागदावर लिहिलं होतं: धुराड्याचे मुख ते मुकुट, एक वीत.

एक वीत. नळाच्या तोंडापासून. म्हणजे छोटी टोपी त्या वितीतच आली. तिची उंची वजा केली तर वर हवेला उरतात दोन बोटं, आणि दुहेरी झालर थेट नळाच्या तोंडापुढे लोंबणार. हे कळायला मला जितका वेळ लागला तितक्यात माशी उठून दुसरीकडे बसते.

मी विचारलं. हे माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल, की मी विचारलं. "भाऊजी, हे माप नळापासून की टोपीपासून?"

त्यानं हॉटेलमालकासमोर एक बोट वर केलं, शाळेत बाई करतात तसं. "वहिनी, तो शब्द नको." आणि गिऱ्हाइकाकडे वळून हसला. "घरच्या माणसांना वळण लावणं सगळ्यात अवघड." हॉटेलमालकही हसला.

"बरं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा शब्द माझ्या तोंडी आला आणि तो मला गोड लागला.

त्या दुपारी मी मुकुट ज्यांवर उभा राहतो ते पत्र्याचे पाय कापले. कागदावर होते तेवढेच, एका बोटानंही जास्त नाहीत. कात्री चालवताना मी चित्र रंगवत होते. हॉटेलचा दिवाणखाना, पाहुणे, फोटो, मध्ये इस्त्रीच्या शर्टातला मुकुटमणी. कुणीतरी शेकोटी पेटवतं आणि सगळा धूर भसाभस त्याच्या तोंडावर. तिथे दोन दारं कायम उघडी असतात, लोक खोकत बाहेर पळतील, होऊन होऊन काय होईल? टोपी म्हणायचं नाही ना? नाही म्हणत. ह्यांनी विचार न करता मी दिलेले पाय जोडले. त्यांचा माझ्या कात्रीवर विश्वास आहे.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे गेले. तिला घर बदलायचं होतं, सामान बांधायला मदत हवी होती. तीन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी परतले, पिशवी हातात, कोपऱ्यावरून वळले आणि थांबले.

मुकुट आमच्याच छपरावर होता.

उन्हात नुसता पेटल्यासारखा चमकत होता. रस्त्यातली माणसं माना वर करून बघत होती. नंतर कळलं ते असं: हॉटेलमालक म्हणाला होता, आधी कुठल्यातरी छपरावर बसवून दाखवा. मुकुटमण्यानं सकाळी तो आमच्या चिमणीवर चढवला आणि बूट घालून, हॉटेलमालकाला आणि एका फोटोवाल्याला आणायला गाडी घेऊन गेला.

पण मी मुकुटाकडे बघत नव्हते. दुपारचे दोन वाजले होते, हाडं गोठवणारी थंडी होती. सासूबाई बाराच्या ठोक्याला शेकोटीत कोळसा घालतात, वर्षानुवर्षं. चिमणीतून काहीच निघत नव्हतं.

मी पिशवी तिथेच टाकली.

त्यांच्या खोलीचं दार लोटलं तर आत ऊबदार, शांत. फारसा धूर नव्हता, कोळसा फुललेला होता. थंडीमुळे खिडकी घट्ट लावलेली. आठवडाभर सर्दीनं त्यांचं नाक बंद होतं, वास तरी कुठून येणार? खुर्चीत मान एका बाजूला कललेली. मांडीवर लोकर. गाल कधी नव्हे ते गुलाबी, लहान मुलीसारखे. ते गुलाबी गाल मी मरेपर्यंत विसरणार नाही. हाक मारली, हलवलं, मान तशीच लोंबली. मी खिडकी फोडली म्हणायला हरकत नाही, कारण कडी कुठं होती ते मला आठवेना. मग त्यांना सतरंजीवर घेतलं आणि ओढत अंगणात आणलं. हे कारखान्यातून लंगडत आले आणि पहिल्यांदाच 'बरं' न म्हणता ओरडले, "आई."

रुग्णवाहिका दाराशी उभी राहिली तेव्हा मुकुटमण्याची गाडी वळली. तो उतरला, गर्दी पाहिली आणि सगळ्यात आधी छपराकडे बघितलं.

"काय झालं? पडला का?"

"आई," मी म्हटलं.

मग मात्र त्याचं तोंड उतरलं ते बघवेना. हॉटेलमालकाला, फोटोवाल्याला रस्त्यात सोडून तो रुग्णवाहिकेमागे धावला, त्या टोकदार बुटांत, दोनदा घसरून. मला तेव्हासुद्धा वाटलं, धावणंही धड जमत नाही. माणसाची जीभ बंद झाली तरी मनाची वटवट थांबत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाच्या वायूला ना रंग असतो ना वास. अजून अर्धा तास गेला असता तर त्यांना इथे आणायची गरज उरली नसती. सासूबाईंना रात्रभर तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या, शाल गुंडाळून, ह्यांच्या खांद्याचा आधार घेत. आत गेल्या नाहीत. अंगणात खुर्ची मागवली, बसल्या आणि धाकट्याच्या पायांकडे बघितलं.

"जोडे," त्या म्हणाल्या.

आदल्या दुपारपासून हा त्यांचा पहिला शब्द. त्याला अर्थ सांगावा लागला नाही. तो मुकाट्यानं आत गेला, बूट काढले आणि थंड झालेल्या राखेत ठेवले. मी दारातून पाहिलं: ते तपकिरी चामडं कसलं का असेना, राख सगळ्या चामड्यांना सारखीच लागते. मग कापडी बूट चढवून, कमरेला दोर बांधून तो वर गेला. खाली शिडी धरायला मी होते. ह्यांचे गुडघे, दुसरं कोण धरणार?

वरून बराच वेळ नुसता पान्याचा आवाज आला. मग त्याचा.

"वहिनी, झालर पार नळाच्या तोंडावर आलीय. असं कसं झालं? कागदावर तर एक वीत आहे."

"ती वीत वरून हवी होती," मी म्हटलं.

"काय? वारा आहे इथं, ऐकू येत नाही."

"टोपीच्या वरून," मी ओरडून सांगितलं. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. "एक वीत टोपीच्या वर हवी. कागदात टोपी धरलीच नव्हती."

मला त्याचे फक्त कापडी बूट दिसत होते, कौलांवर टेकलेले. मग तो बोलला, मोठ्यानं नाही. पण वारा पडला होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

शिडी माझ्या हातात होती आणि माणूस वर होता. अशा वेळी खोटं बोलता येत नाही, निदान मला आलं नाही. शिवाय चार हातांवर सासूबाई बसल्या होत्या.

"कापताना."

तो मला बोलला असता तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या, सगळ्या तयार होत्या. तो शब्द कुणी बंद केला, गिऱ्हाइकासमोर बोट कुणी वर केलं, उतरल्यावर एक कागद पेटवून कुणी बघितला नाही. सगळ्या खऱ्या होत्या. त्यानं एकही काढायची संधी दिली नाही. दोरानं मुकुट सोडला, मी खाली धरला, ह्यांनी आडवा ठेवला. तो उतरला, आत गेला, शेकोटीपाशी वाकला. बुटांना हात लावणार तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

"राहू देत. टोपी नीट बसेपर्यंत."

मी मान खाली घालून दोर गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं की नाही, हे मी बघितलं नाही.

रात्रभर मी स्वतःशी भांडले. मी विचारलं होतं ना? मग? हो, पण एकदाच विचारलं होतं, आणि त्यानं गप्प केल्यावर मला आनंद झाला होता. आयुष्यभर मी त्याला उंटावरचा शहाणा म्हणत आले. त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याच्या हातून झालं. मला माहीत होतं. आणि हॉटेलात माणसं नव्हती का? त्यांच्यात कुणाची आई नव्हती का?

सकाळी उठून कारखान्यात जायला निघाले तर दाराशी माझ्या चपला नव्हत्या. खाटेखाली पाहिलं, मोरीपाशी पाहिलं. ह्यांना विचारलं, ते काही बोलले नाहीत, 'बरं'सुद्धा नाही. मग कसं कोण जाणे, पाय आपोआप शेकोटीच्या खोलीकडे वळले.

शेकोटी थंडच होती. राखेत ते टोकदार तपकिरी बूट होते, आणि त्यांच्या शेजारी, जोडीनं नीट लावून, माझ्या चपला.

सासूबाई खुर्चीत होत्या, दोन शाली पांघरून, लोकर गुंडाळत. खोली गारठलेली होती. त्यांनी वर बघितलं नाही. मी चपलांना हात लावला नाही.

अनवाणी कारखान्यात गेले. फरशी पायाला चावत होती. मुकुटमणी माझ्या आधी येऊन उभा होता, नुसत्या मोज्यांवर, तांब्याचा पत्रा टेबलावर पसरून. एका मोज्याला भोक पडून अंगठा बाहेर आला होता. बाहेरून चकचकीत बूट आणि आत हे. एरवी महिनाभर पुरवून पुरवून हसले असते.

"वहिनी," तो पत्र्याकडे बघत म्हणाला, "टोपी किती उंच धरायची?"

मी बोटं लावून मापून दाखवली. दोनदा. मग कात्री घेतली.